पाटलाच्या माडीवरचा समुद्र

मुंबईच्या लोकांना समुद्राची फार घमेंड असते. मी त्यांना एवढंच विचारतो की बाबांनो, तुम्ही कधी त्याला सकाळी खाऊ घातलंय का? वैशाखात वाळ्याचे पडदे लावून, त्यावर पाणी मारून त्याला गार ठेवलंय का? त्याची तब्येत बिघडली म्हणून बैलगाडी जुंपून धावलात का? नाही ना. मग समुद्र पाहणं निराळं आणि समुद्र सांभाळणं निराळं. मी समुद्र जन्मात पाहिला नाही. सांभाळला मात्र आहे, आणि तोही अमरावतीत, जिथे खारट म्हणून लोकांना फक्त लोणचं ठाऊक होतं.

मी संपत भोई, पूर्णाकाठचा. आमच्या जातीचे धंदे दोन. नदीत जाळं टाकायचं, नाहीतर मोठ्या माणसांची पालखी खांद्यावर वाहायची. पहिल्यात पोट भरत नाही आणि दुसऱ्यात खांदा उरत नाही. माझ्या बापाच्या उजव्या खांद्यावर दांडीने केलेला घट्टा इतका मोठा होता की त्यावर तो बोलताना चिलीम ठेवायचा. मीही मिसरूड फुटल्यापासून दांडीखाली होतो. त्यातून मला बाहेर काढलं ते माशांनी आणि किड्यांनी. तसं पुढे मी स्टेशनवर पाणी पाजलं, बागा शिंपल्या, आणखी सतरा नोकऱ्या केल्या, त्यांतलं काही लिहावंसं वाटत नाही. लिहायचं ते एवढंच.

तो काळ कापसाचा होता. दूर अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होता, तिथला कापूस तिथेच अडकला होता आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे तोंड वासून बसल्या होत्या. आलेला पैसा ठेवावा कुठे हे लोकांना कळेना. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या. आमच्या गावच्या एकाने बैलांना मखमली झुली शिवल्या आणि स्वतः फाटक्या धोतरात त्यांच्या मागे चालला. आणि यादवराव पाटलाने समुद्र विकत घेतला.

झालं असं की कापूस खरेदीला आलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात काचेची एक पेटी होती. तळ पाटीच्या दगडाचा, चारी बाजूंना जाड भिंगासारखी काच. दोन म्हशी मजेत लोळतील एवढी मोठी. ही पेटी मी सांगतो तशी दरवर्षी हातभर वाढते, असं माझ्या घरचे म्हणतात. त्यांनी ती पाहिलेली नाही. तिच्यात समुद्राचं पाणी, समुद्राची वाळू, भोकाभोकांचा एक मोठा दगड, हिरवं शेवाळ आणि बोटाएवढ्या रुपेरी बोय माशांचा एक थवा. सगळं मुंबईहून पिंपांत भरून आलेलं. आगगाडी जिथवर आली होती तिथवर आगगाडीने, पुढे बैलांनी. मी साहेबाच्या पालखीचा भोई. एके दिवशी त्याचा पेटी सांभाळणारा माणूस आजारी पडला तेव्हा साहेबाने मला बोटाने बोलावलं. भोई आहे म्हणजे याला मासे कळत असणार, असा त्याचा हिशेब. नदीचा मासा आणि समुद्राचा मासा यांत व्याही आणि जावई यांच्याइतकं अंतर असतं, पण मी मान हलवली. पालखीखालून निघायची वाट काचेतून जात असेल तर काचेतून.

साहेब बदलून गेला तेव्हा पाटलाने पेटी घेतली आणि पेटीबरोबर मलाही घेतलं. नव्या माडीवर उत्तरेच्या खिडकीशी समुद्राची स्थापना झाली.

आता ह्या कामाची थोडी फोड करून सांगतो. लोकांना वाटतं, खारं पाणी आटलं की खारं पाणी घालावं. तिथेच समुद्र मरतो. आटतं ते पाणी; मीठ आतच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी. काचेवर मी गेरूची रेघ ओढली होती, पाणी तिच्याखाली गेलं की तेवढंच भरायचं. खारटपणा मोजायला साहेबाकडे काचेची एक नळी होती, ती तो घेऊन गेला. माझ्याकडे जीभ होती, ती मी ठेवून घेतली. रोज सकाळी दात घासायच्या आधी एक थेंब जिभेवर. बायको म्हणायची की त्यामुळेच मी कुणाशी गोड बोलत नाही.

दुसरी गोष्ट हवा. मासा पाण्यातलीच हवा खातो, ती संपली की तोंड वर काढून आ वासतो. त्यासाठी करीम पखाली यायचा. पेटीतलंच पाणी कातड्याच्या पखालीत भरून बारीक धार उंचावरून अशी सोडायचा की पाण्यात मोत्यांचे घोस उतरत. करीम अमरावतीत घरोघर पाणी घालायचा, पण समुद्राला पाणी पाजणारा पखाली मक्केपासून इथपर्यंत दुसरा नाही, असं तो मशिदीच्या पायरीवर बसून सांगायचा. मी त्याला कधी खोडलं नाही. तोही मला खोडायचा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि सगळ्यात घाणेरडी. वाळूत किडे होते. बोटभर लांब, तांबूस, दोन्ही अंगांना बारीक केस. हात लागला तर खाजकुयली लावल्यासारखी आग. साहेब जाताना मला तीनदा खुणेने सांगून गेला होता, ह्यांना हात लावायचा नाही. मासे जे टाकतील, जे कुजेल, जे सडेल ते सगळं हे किडे खाऊन टाकत. आम्ही त्यांना झाडूवाले म्हणत असू. मासे म्हणजे पेटीची शोभा, पण पेटी चालायची झाडूवाल्यांच्या जिवावर. गावाचंही तसंच असतं, फक्त गावात ते कुणी कबूल करत नाही.

माणसं बघायला यायची ती कुठून कुठून. परतवाड्याहून जंगलाचे ठेकेदार यायचे, मेळघाटातून खाली उतरलेले कोरकू यायचे, ते पेटीसमोर बसून राहायचे आणि उठताना माशांना जोहार करून जायचे. एक म्हातारा रामेश्वरला जायचं राहून गेलं म्हणून पेटीभोवती प्रदक्षिणा घालायचा. एक सावकार पाणी चाखून बघतो म्हणाला, चाखलं, आणि जिन्यावरून खाली जाईपर्यंत थुंकत गेला. सगळ्यांना बघायचा असायचा तो थवा. सगळे बोय एका दिशेला तोंड करून जायचे आणि कुणी टाळी वाजवली न वाजवली तोच एका झटक्यात सगळे वळायचे, जणू एकाच माशाला शंभर शेपट्या. माझं म्हणणं असं की खोटं बोलणारा माणूस समोर आला की थवा पाठ फिरवायचा. माझ्याकडे बऱ्याचदा फिरवायचा, ते निराळं.

आणि येणारा प्रत्येक जण कनवटीला कणकेच्या गोळ्या घेऊन यायचा. तळ्यातल्या माशांना कणीक घातली की पुण्य लागतं, मग समुद्राच्या माशांना घातली तर किती लागेल? मी ओरडून थकलो. माझी नजर चुकली की टुपकन गोळी आत. कणीक पाण्यात फुगते, आंबते, पाणी नासवते. पण झाडूवाले होते तोवर चिंता नव्हती. वऱ्हाडाचं सगळं पुण्य ते रात्रीतून खाऊन टाकत.

तर दसऱ्याच्या सुमाराला अकोल्याच्या जुन्या शहरातले भगवंतराव देशमुख आले. कापसात पाटलापेक्षा तसूभर जास्त कमावलेले आणि त्यामुळे पाटलाकडे समुद्र आहे हे ऐकून झोप उडालेले. पालखीतून उतरले, माडीवर आले, पेटीभोवती फिरले. थवा वळला तसे दचकले आणि दचकलेले दिसू नये म्हणून रागावले.

"काळ्या मातीत कापूस होते, यादवराव," ते म्हणाले. "समुद्र नाई होत. महिनाभरात सडते पाहा हे."

पाटील म्हणाला की कार्तिक पौर्णिमेला या, मासे जिवंत दाखवतो. देशमुख म्हणाले, जिवंत असले तर काय म्हणाल ते करतो. आता मोठी माणसं अशा वेळी घोडी लावतात, शेतं लावतात. पण दोघांकडे घोडी आणि शेतं इतकी झाली होती की त्यात मजा उरली नव्हती. देशमुखांची नजर पेटीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. म्हणजे माझ्या खांद्यावर. पालखीत बसणाऱ्याला भोयाचा खांदा कळतो.

"हा भोई दिसते," ते म्हणाले. "मासे जगले तं ह्याले पालखीत बसवतो अन् पुढच्या दांडीले मी खांदा देतो, अमरावतीच्या साऱ्या राजापेठेतून. अन् मेले तं हा जन्मभर माह्या पालखीखाली."

मला कुणी विचारलं नाही. पाटलाने हसून टाळी दिली आणि माझा खांदा पैजेवर लागला. त्या दिवशी घरी गेलो तेव्हा बापाने सरकून आपल्या शेजारी जागा करून दिली. त्यात सगळं आलं.

मी पेटीपाशी मुक्काम ठोकला. पण दिवाळीच्या तोंडावर आमच्या काकाचं वर्षश्राद्ध होतं म्हणून एका दिवसासाठी गावी गेलो, आणि तेवढ्यात मोठ्या मायने घर आवरायला काढलं. मोठी माय म्हणजे पाटलाची आई. तिला कुठे घाण खपत नसे आणि दिवाळीचं आवरणं म्हणजे तिचं रणांगण. भांडी झाली, फडताळं झाली, कोठीतलं धान्य झालं, आणि मग तिचं लक्ष पेटीकडे गेलं. चार बायका लावून तिने पेटीतली वाळू बाहेर काढली, सुपात घेतली, पाखडली आणि तांदळातले किडे निवडावे तसा एकूण एक झाडूवाला निवडून काढला. काय निगुतीने काढला म्हणता. बायकांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. मग वाळू परत घातली, काच राखेने लख्ख घासली, पेटीला झेंडूची माळ घातली. मी परत आलो तेव्हा पेटी इतकी सुंदर दिसत होती की मी धावत जाऊन वाळूत हात खुपसला, आणि हाताची आग झाली नाही.

दिवाळीला पाहुणे आले, कनवटीला कणीक घेऊन आले. भाऊबीजेपर्यंत पाण्याला साबुदाण्याच्या पेजेचा रंग आला. वास सुटला. थवा मोडला. जे मासे श्वासही एकदम घ्यायचे ते आता एकेकटे वर येऊन आ वासत होते. करीमने पखालींवर पखाली ओतल्या, धार सोडून सोडून हात उतरला त्याचा. शेवटी पखाल खाली ठेवून म्हणाला, "संपत, पानी थक गया."

मुंबईहून पाण्याचं पिंप मागवायला वेळ नव्हता. मी पेटीसमोर बसलो आणि डोळ्यांपुढे देशमुखांच्या पालखीची दांडी दिसू लागली. चांगली जाड होती. मग उठून मोठ्या मायकडे गेलो. ती दारात वाती वळत बसली होती. मी विचारलं, ते किडे मारले का.

"मारू कायले रे?" ती म्हणाली. "जीव नाई का त्यायले? खाऱ्या पान्यातले होते, खाऱ्या पान्यात सोडाले धाडले. मडक्यात घालून माह्या माहेरच्या गाडीवाल्यासंगं."

मला उमजायला क्षणभर लागला. मोठ्या मायचं माहेर खारपाणपट्ट्यात. दर्यापूर-अकोल्याच्या मधला तो मुलूख, जिथे विहिरीला पाणी लागतं ते खारं. तिच्या माहेरी तर एक विहीर अशी की पूर्वी तिच्या पाण्याचं मीठ पिकवत. आणि ते गाव कुणाचं? अकोल्याच्या भगवंतराव देशमुखांचं.

पाटलाची सगळ्यात मोठी गाडी, रिकामी पिंपं, करीम आणि मी, असे निघालो. वाटेत करीम विचारत होता की दुश्मनाच्या विहिरीतून पाणी काढायचं कसं. मी म्हणालो, जाऊन पाहू. खरं सांगायचं तर माझ्याकडे काही नव्हतं. पण गावाच्या वेशीशी पोचलो तोच बातमी मिळाली की मालक इथेच आहेत आणि विहिरीत भूत निघालंय.

भूत असं की देशमुखांचे गुडघे दुखत. त्या खाऱ्या विहिरीच्या पाण्याने शेकलं की उतरतात म्हणून ते दिवाळीनंतर तिथे येऊन राहायचे. मोट जिथे पाणी ओतते त्या दगडी थारोळ्यात तासन्‌तास बसून राहायचे. यंदा बसले, आणि बसल्या बसल्या असे उठले की नोकर म्हणाले, मालकांचे गुडघे बरे झाले. मोटेबरोबर झाडूवाले वर आले होते. ते ज्या जागी लागले ती जागा सभ्य माणसाने लिहू नये.

मी वाड्यावर गेलो तेव्हा देशमुख ओसरीवर पालथे पडलेले आणि एक माणूस तिळाचं तेल चोळत होता. मी हात जोडून उभा राहिलो. त्यांनी मान वळवली नाही.

"कोन बे तू?"

"भोई हाव, मालक. पान्यातले जीव काढतो. विहीर बाधली आयकलं."

"काढ मंग. पार उपसून टाक. अन् ते पानी माह्या शिवारात सांडू नको, दूर कुठंतरी नेऊन टाक."

मी म्हणालो की लांब नेऊन टाकतो, मालकांनी चिंता करू नये. मग देशमुखांच्याच बैलांनी देशमुखांचीच मोट ओढून माझी पिंपं भरून दिली. पहिला थेंब जिभेवर घेतला तेव्हा हसू आवरेना. पेटीच्या पाण्याहून थोडं जास्त खारं होतं, आमटीत मीठ जास्त झाल्यासारखं. नदीचं पाणी घातलं की बरोबर. झाडूवाल्यांसाठी मी सुक्या बोंबलांचं गाठोडं दोरीला बांधून विहिरीत सोडलं. वर काढलं तेव्हा त्यावर माझे सगळे लोक लगडले होते, पहिल्यापेक्षा जाडजूड. खारपाणपट्ट्याची हवा मानवली होती त्यांना. निघताना देशमुखांच्या कारभाऱ्याने मला वर शिधा बांधून दिला. मी नको नको म्हणत घेतला.

परत आल्यावर मी नासकं पाणी थोडं थोडं काढत गेलो आणि नवं थोडं थोडं, बोटभर धारेने सोडत गेलो. एकदम बदललं तर मासा बिचकतो. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी चुलीपुढे बसवू नये तसं. झाडूवाल्यांना वाळूवर सोडलं, ते डोकं खुपसून एका दमात आत गेले, बायका माहेरी शिरतात तसे. मोठ्या मायने जिन्यावर पाट मांडला आणि काठी घेऊन बसली. कणीक आणणाऱ्याची कनवट ती स्वतः तपासायची. तिने त्या दिवसांत इतकी कणीक जप्त केली की घरच्या गाईने गवताला तोंड लावणं सोडलं. मला ती एकदाच म्हणाली की सांगितलं असतंस तर निवडले नसते. मी म्हटलं, माय, निवडले नसतेस तर विहीर सापडली नसती. यावर आम्हा दोघांचं जमलं ते कायमचं.

आणि एका सकाळी मी जिना चढून वर आलो तर थवा जुळलेला होता. काही मासे गेले होते, ते मी मोजले नाहीत. पण उरलेले सगळे एका दिशेला तोंड करून उभे होते. करीमने खाली पखाल टेकवली, आवाज झाला, आणि सगळे एका झटक्यात वळले. करीम जिन्यातच बसला. मग उठून आधी त्याने पेटीला सलाम केला आणि नंतर मला, आणि तो क्रम योग्यच होता.

कार्तिक पौर्णिमेला देशमुख आले. बसताना थोडे तिरके बसले. थवा दोनदा वळलेला पाहिला आणि मान हलवली. राजापेठेपासून माणूस लोटला होता, झाडांवर पोरं, कौलांवर बाया. वऱ्हाडात कापूस पिकतो तसा समुद्रही पिकतो हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला, चांदीच्या धावा चाकांवरून उतरल्या आणि काही वर्षांनी ती पेटी बैलांना सरकी भिजवायला गोठ्यात गेली. मी त्या गोठ्यात पाय ठेवला नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी अमरावतीत माझ्याइतका उंच माणूस नव्हता.

देशमुख शब्दाचे पक्के निघाले, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी पगडी काढून कारभाऱ्याच्या हातात दिली, अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि पुढच्या दांडीखाली जाऊन उभे राहिले. बाकीच्या दांड्यांना माझे चुलतभाऊ. मी पालखीत चढलो. आत गादी इतकी मऊ होती की मला कुठे बसावं कळेना. पालखीचा आतला भाग मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझा बाप रस्त्याच्या कडेला उभा होता. तो हसत नव्हता, रडत नव्हता, फक्त देशमुखांच्या खांद्याकडे धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहत होता.

पालखी उचलली आणि असा हेलकावा बसला की माझं डोकं छताला आपटलं. देशमुखांनी दांडी मानेच्या हाडावर घेतली होती आणि पाऊल भलतंच टाकलं होतं. आमच्यात पुढचा भोई वाट सांगतो, खड्डा आला, गोटा आला, पाऊल बदल. मागचे त्याच्या बोलावर चालतात. इथे पुढचाच आंधळा. चार पावलांत मला आतून राहवेना. मी पडदा सारून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून सांगू लागलो, मालक, दांडी खांद्याच्या मांसावर घ्या, हाडावर नको. पुढे गोटा आहे, उजवीकडून घ्या. श्वास पावलावर ठेवा. आणि देशमुख ऐकत गेले. राजापेठेच्या पहिल्या वळणापर्यंत पालखी बरी चालायला लागली होती. माणूस शिकण्यासारखा होता.

वळणावर त्यांनी मान किंचित वळवली. पहिल्यांदाच त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं. घामाने भिजले होते.

"एक सांग लेका," ते धापा टाकत म्हणाले. "थे पानी आनलं कुठून?"

मी आतून सांगितलं. विहीर सांगितली, मोट सांगितली, बैल सांगितले, कारभाऱ्याने दिलेला शिधाही सांगितला. पालखी थांबली. मागचे माझे भाऊ थबकले. देशमुख दांडीखाली वाकून उभे, एक हात आपोआप मागे, जिथे झाडूवाला लागला होता तिथे गेलेला. मला वाटलं, आता पालखी खाली येणार आणि मी तिच्यासकट.

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"म्हंजे समुद्र माहाच झाला की बे," ते म्हणाले.

"हाव मालक," मी म्हणालो. "समुद्र तुमचाच हाय. डावं पाऊल आधी टाका."